मावशीने घातलेले थेंब

काम्पोंग स्पू प्रांतातल्या त्या गावात ताडावर चढणारे आता चारच जण उरले होते, आणि त्यांत थोनचा हात सगळ्यांत हलका. सत्तेचाळीस वर्षांचा गडी, पण रोज सकाळ-दुपार वीस ताड चढायचा. फुलोऱ्याच्या दांड्याचा शेंडा छाटायचा, खाली बांबूचं नळकांडं अडकवायचं, भरलेलं कमरेला लावून उतरायचं. खाली बायको, सारेम, चुलीवर कढई चढवून बसलेली असायची. रस आटवून गूळ करायचा तो तिने.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुरी फिरवताना वाळक्या झावळीची बारीक काडी त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. वर असतानाच त्याने मनगटाने डोळा खसाखसा चोळला.

"चोळू नका हो! आधी स्वच्छ पाण्याने धुवा," सारेम खालून ओरडली. "आणि आजच दवाखान्यात जा."

"एवढ्याशा काडीसाठी दवाखाना? इकडे रस आंबला तर तू पिणार का?"

संध्याकाळपर्यंत डोळा लालबुंद झाला. शेजारच्या घरातून योम मावशी काठी टेकत आली. उपासमारीच्या वर्षांत थोनची आई गेली, तेव्हा तीन वर्षांच्या त्याला पाठीशी बांधून अकरा दिवस चालत गावी आणलं ते हिनेच. तिच्या हातात थेंबांची बाटली होती. मागल्या वर्षी तिचे डोळे आले तेव्हा बाजारातून आणलेली.

"मान वर कर. दोन दिवसांत बरी झाले होते मी याने."

खरंच ठणका थांबला. थोन चढत राहिला, आणि रोज मावशीपुढे बसून थेंब घालून घेत राहिला. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. आठव्या दिवशी सारेमने काही ऐकून घेतलं नाही. त्याला मोटारसायकलवर मागे बसवून तिने थेट राजधानीतलं डोळ्यांचं इस्पितळ गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "झाडाचं काही डोळ्यात गेलं की बुरशी धरू शकते. या थेंबांनी ठणका दबला, पण आत बुरशीला मोकळं रान मिळालं. पहिल्याच दिवशी आला असतात तर..."

महिनाभर दर तासाला औषध घातलं. डोळा वाचला, नजर गेली.

"काय म्हणाले डॉक्टर?" घरी आल्यावर मावशीने विचारलं.

"उशीर झाला म्हणाले," थोन म्हणाला. सारेमला त्याने वाटेतच बजावलं होतं, मावशीला यातलं काही कळता कामा नये.

नंतर तो एकदाच ताडावर चढला. एका डोळ्याला अंतर कळेना. खोडाला बांधलेल्या बांबूच्या शिडीच्या सहाव्या पायरीवर टाकलेला पाय हवेत पडला आणि तो दोन्ही हातांनी लोंबकळला. उतरून त्याने सुरी धुतली आणि धाकट्या मेव्हण्याला देऊन टाकली.

एप्रिलात मळणी चालू असताना शेजारची चांथा एक डोळा झाकून आली. भाताचं कुसळ गेलं होतं. "मावशी, ते थेंब आहेत ना तुमच्याकडे?"

मावशी बाटली घेऊन आलीसुद्धा. कढईपाशी बसलेला थोन उठला.

"नको मावशी. जुनी झालीय ती."

"जुनी कसली? तुला नाही का घातले मी?"

सारेमने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं.

"म्हणूनच," थोन म्हणाला.

मग त्याने उकळून निववलेल्या पाण्याने चांथाचा डोळा धुतला आणि त्याच घटकेला सारेमबरोबर तिला दवाखान्यात पाठवलं. तिचा डोळा चार दिवसांत बरा झाला.

त्या दोघी गेल्यावर मावशीने एवढंच विचारलं, "डॉक्टर असं म्हणाले?"

"हो."

"आणि तू इतके दिवस गप्प बसलास?"

"तुला काय माहीत होतं, मावशी? तू मायेनंच केलंस."

ती रडली नाही. बाटली मातीत रिकामी करून घरात गेली, आणि त्यानंतर तिने थोनच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. आता रोज संध्याकाळी तोच भाताची पेज घेऊन तिच्याकडे जातो. ती पेज घेते, पायरीवर त्याच्याजवळ बसते. पण बसते ती नेहमी त्याच्या उजव्या हाताला, जिकडून तिचा चेहरा त्याला दिसत नाही. थोनच्या ते ध्यानात आलंय. तो मान वळवत नाही.