धरण फोडायचं नाय

"खाली नको, वर ठेवा."

दुकानात पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी हे यायचं. पिशवी असो, हेल्मेट असो, भिजलेली छत्री असो. महाडच्या बाजारपेठेतलं ताईंचं टायपिंगचं दुकान तुम्ही पाहिलं असतं, तर तुमच्याही लक्षात आलं असतं की फरशीवर फक्त पाय होते. माणसांचे आणि खुर्च्यांचे. संगणक उंच टेबलावर, प्रिंटर त्याहून उंच फळीवर, कागद माळ्यावर. सावित्रीच्या एका पुराने त्यांचं पहिलं दुकान यंत्रांसकट नेलं होतं. तेव्हापासून जमिनीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

मी पोलादपूरला विज्ञान शिकवतो आणि कुमारवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहितो. यातली दुसरी गोष्ट शाळेतल्या पोरी सोडल्या तर फारशी कुणाला माहीत नाही. कादंबऱ्यांची एक मालिका आहे. भविष्यातलं उद्ध्वस्त जग, त्यात इरा नावाची मुलगी. ती नुसत्या मनाने वस्तू हलवते आणि तिच्यासारख्या पोरांना सरकार कोंडून ठेवतं. मी हाताने लिहितो. माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही, ताईंना लागायचं. म्हणून प्रत्येक प्रकरण एसटीने महाडला.

ताई एरवी लग्नपत्रिका टाइप करायच्या. पहिल्या भागाला त्यांनी पत्रिकेचाच साचा वापरला. देवाधर्मावर बंदी असलेल्या माझ्या भयाण राजधानीच्या डोक्यावर 'श्री गणेशाय नमः' आणि दोन्ही बाजूंना केळीचे खांब. मी न तपासता पुण्याला पाठवून दिलं. प्रकाशकांचा फोन आला, "सर, मुहूर्त कधीचा?"

तेही चाललं असतं. पण ताई वाचायच्या. वाचून बोलायच्या.

"सर, ही तुमची इरा रणगाडे फेकते, मनोरे पाडते. चार पुस्तकं झाली. एक साधं कपाट उचलून माळ्यावर ठेवलं का तिनं कधी?"

"ताई, ती क्रांती करतेय."

"करू दे की. घरातलं कोण उचलणार मग?"

पाचवा भाग शेवटचा. शाळेतल्या पोरी व्हरांड्यात अडवून विचारायच्या, "सर, इरा जगते ना?" प्रकाशक घाई करत होते. मी दणदणीत शेवट लिहिला. इरा मनाच्या जोरावर डोंगरातलं धरण फोडते आणि पाणी जुलमी राजधानी धुऊन नेतं. लिहिताना माझे मलाच डोळे पुसावे लागले. ताईंनी कागद परत माझ्या हातात दिले.

"हे मी टाइप करणार नाय. धरण फोडायचं नाय."

"का?"

"खाली माणसं हायत."

"खाली जुलमी राजवट आहे, ताई!"

"आणि राजवटीला चहा कोण करून देतं? ती पण खालीच राहत असतील ना?"

"अहो, गोष्ट आहे ही. पाणी खोटं आहे."

"खोटं असलं तरी खालीच येणार ना, सर?"

मी तणतणत एसटीत बसलो. वाटेत डोक्यात उजेड पडला, पण तो मला आवडला नाही. पूर येणाऱ्या गावात बसून, पुरात दुकान गेलेल्या बाईकडून धरणफोड टाइप करून घेणारा लेखक शोधूनही सापडला नसता. तरी मी हट्टाला पेटलो. पुढच्या शेवटात इराच धरणात उडी घेत होती. "पोरगी मारायची नाय." त्याच्या पुढच्यात सगळं स्वप्न निघालं. "एवढी पुस्तकं झोपेत टाइप केली काय मी?"

श्रावणात एका दुपारी आणखी एक शेवट घेऊन गेलो, आणि भोंगा वाजला. आमच्याकडे भोंगा वाजला म्हणजे पाणी चढतंय, सामान माळ्यावर घ्या. सगळी पेठ एकदम हात वर करते. ताई शिडीवर चढल्या. मी संगणक दिला, प्रिंटर दिला. वाटलं, झालं. तर त्या खाली उतरून शेजारच्या शिंप्याच्या दुकानात.

"बघत काय राहिलात, सर? मशीन धरा!"

विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो, मनाने काही हलत नाही. जे हललं ते माझ्या कमरेने हललं आणि अजून ती कुरकुरते. पाणी घोट्याला लागलं तेव्हा ताईंनी विचारलं, "सर, तुमची पिशवी?"

पिशवी मी खाली ठेवली होती. इतकी वर्षं ऐकूनही! माझा शेवट पिशवीसकट तरंगत दारातून बाहेर निघाला होता. ताई शिडीवर बसून एवढ्या हसल्या की शिडी हलायला लागली.

"गेला ना? चांगला नव्हताच तो."

"तुम्ही वाचला कुठे होता?"

"तुमच्या तोंडावरून कळलं."

पाणी ओसरलं, पण दुकान परत उघडलं नाही. मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. "सातवा मजला हाय सर," फोनवर म्हणाल्या, "पाणी चढायची भीती नाय. नळालाच चढत नाय." पोलादपुरात नवा टायपिस्ट सापडला. देईन ते मुकाट्याने टाइप करतो. शेवट कसा वाटला विचारलं, तर म्हणाला, "सर, फाँट कुठला ठेवू?" मला त्याच्याशी भांडावंसं वाटलं.

आताच्या नव्या शेवटात धरण राजवटीच्याच हातून फुटतं आणि इरा ते सगळं पाणी मनाने अडवून धरते, राजधानीतली माणसं वर चढेपर्यंत. ताईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

"मग सोडते कधी?"

"तेच विचारायला फोन केला."

"सगळे वर गेले का ते बघा आधी," म्हणाल्या आणि भाताकडे गेल्या.

तेव्हापासून बघतोय. प्रकाशक रागावलेत, पोरी विचारायच्या थांबल्यात, इरा पाणी धरून उभी आहे. चहावाले चढले, शिपाई चढले, राजवटसुद्धा चढली. खालच्या पेठेत एक टायपिस्ट बाई तेवढी राहिली आहे. रोज लिहायला बसतो आणि तिला म्हणतो, ताई, चला आता. ती शिडीवरून वळूनही बघत नाही. म्हणते, शेजारचं मशीन राहिलंय, धरा.