तळाला जाणारा माणूस

ती घटना आठवली की आजही माझी गाडी येडगाव धरणाकडे वळते. त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. धरणात कुणी बुडालं की आम्ही एकाच माणसाला निरोप धाडायचो. नाव सांगत नाही. सगळं ठाणं त्याला दादा म्हणायचं. एका दमात तळ गाठायचा पठ्ठ्या. वर आला की पहिल्यांदा चहा मागायचा, तोही लई गोड.

एका सकाळी ओढ्याला उग्र वास सुटला. द्राक्षबागांच्या गावात औषधाचा वास नवा नाही. कुणीतरी फवारणी करतंय म्हणून लोक गप्प राहिले. दादा ओढ्याकाठच्या म्हशी सोडवायला गेला आणि तिथेच कोसळला.

दोन-चार दिवसांनी महामार्गावरच्या पंक्चरवाल्याने खबर दिली. भरलेला टँकर ओढ्याच्या वाटेने गेला होता आणि रिकामा खडखडत परत आला होता. चालकाला ताब्यात घेतलं. टाकी धुतलेलं पाणी सोडलं, एवढंच तो घोकत राहिला. ओरडलं की माणूस आणखी मिटतो, हा माझा अनुभव. मी त्याला बाकावर बसवून ठेवलं.

दवाखान्यातून सुटलेला दादा त्याच दिवशी जबाब द्यायला आला. पायऱ्या चढला आणि असा खोकला लागला, की बोलता येईना. चालकानेच उठून पाणी दिलं, काय झालंय म्हणून विचारलं. मी सांगितलं. मग तो रडला आणि सगळं बोलला. मालकाच्या सांगण्यावरून रसायन ओढ्यात सोडलं होतं आणि ते सोडायची नळी पुलावरून धरणात फेकली होती.

पुराव्यासाठी ती नळी धरणातून पंचांसमोर काढायची होती. दादाने सदरा उतरवला.

"तळ माझ्याइतका कुनाला ठावं हाय, साहेब?"

मी नको म्हणालो. ऐकतो कसला! छातीभर पाण्यात गेला आणि धाप लागली. आम्हीच त्याला ओढून काठावर आणलं. नळी दुसऱ्याने काढली, तोवर दादा पाण्याकडे पाठ करून बसला. मला ते बघवलं नाही.

टँकरमालकाला शिक्षा झाली, भोगून तो सुटलाही. दादाची फुप्फुसं मात्र सुधारली नाहीत. दम्याचा पंप कायम खिशात असतो.

परवा मी त्याच्यासाठी थर्मासमधून गोड चहा नेला. काठावर बसलो.

"सपनात आजून तळाला जातो, साहेब," तो म्हणाला. "तितं दम लागत न्हाई."

चोरीचा माल ज्याचा त्याला परत देताना मला फार समाधान वाटायचं. गुन्हा उघड झाला तरी गेलेलं सगळंच परत देता येत नाही, हे मला या प्रकरणाने शिकवलं. अजून वाटतं, एकदा तरी दादाने त्या पाण्यातून डोकं वर काढावं आणि चहा मागावा.