काका, डबा बदला

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको — मी पोटापाण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे फोडते. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरीला आहे. साइटवरून ठोकळे येतात, आम्ही ते मशीनखाली दाबतो, आणि मशीन जो आकडा दाखवेल तो खरा. कंत्राटदार कितीही शपथा घेवोत. माहेरी कोणी अंगात येण्याच्या गोष्टी काढल्या की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जायचे. तीच मी आज इथे लिहितेय, आणि धाकटी बहीण हे वाचून मला महिनाभर सुखाने जगू देणार नाही... असो.

गोष्ट इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वर्षाची, उन्हाळ्यातली. आम्ही दोह्याच्या कडेला, मुऐदरला राहतो. एका मोठ्या व्हिलाचे तुकडे करून जी घरं करतात ना, त्यातलं तळमजल्यावरचं घर. मी, नवरा अजित आणि अकरा वर्षांची रेवा. त्या वर्षी अख्ख्या गावाला दुसरा विषय नव्हता. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी बंद, जिथे तिथे नवी झाडं, नवे दिवे. अजित रस्त्यांच्या कामावर प्लॅनिंग इंजिनियर. त्यांच्या साहेबाने एक दिवस जाहीर केलं की सप्टेंबरनंतर कुणालाही रजा नाही, हवी तर जूनमध्ये घ्या, खलास. त्याच संध्याकाळी आमचा युरोप ठरला.

व्हिएन्ना, साल्झबर्ग, ल्युब्लियाना, व्हेनिस — आणि सगळं रेल्वेने! विमानातून काय दिसतं, ढग. आम्हाला जुने पूल, किल्ले, चौक हवे होते, आणि त्यांच्या मधले डोंगर खिडकीतून बघायचे होते. अजितने एक्सेल शीट केली, प्रत्येक शहराला वेगळा रंग. रेवाने भिंतीवर नकाशा लावला. मी डाळ शिजवता शिजवता साल्झबर्गच्या किल्ल्याचे व्हिडिओ बघायचे, आणि डाळ तळाला लागायची. घरात कुणी नीट जेवत नव्हतं, पण सगळे खुशीत होते.

एकच अडचण होती. बाबा.

बाबा, म्हणजे माझे वडील, नाशिकला एकटेच असतात. आई गेल्यापासून दोन वर्षं ते कुठेच गेले नव्हते. मी त्यांच्या मागे लागून मुंबईहून युरोपचा व्हिसा काढायला लावला, दोह्याला बोलावून घेतलं, आणि आल्यावर चौथ्या दिवशी ते म्हणाले, मी काही येत नाही. वीज केंद्रात टर्बाइनशेजारी सगळी नोकरी झाली, त्यात कान गेले. कानातलं मशीन आहे, पण गर्दीत आणि बोगद्यात ते शिट्टी मारतं, म्हणून बाबा ते काढून माझ्या पर्समध्ये टाकतात.

"मला अनाउन्समेंट ऐकू यायची नाही," ते म्हणाले. "परक्या मुलखात चुकलो, तर तुमची सगळी ट्रिप मला शोधण्यात जायची. मी इथंच बरा. कुंड्यांना पाणी घालीन."

मी चिडले, रडलेसुद्धा. आईबरोबर त्यांनी फक्त गप्पा मारल्या होत्या युरोपच्या. आता निदान एकाने तरी बघावं, एवढंच मला हवं होतं. बाबा बधेनात.

तोडगा अजितने काढला. प्रत्येक स्टेडियमवर तेव्हा आधी टेस्ट मॅच होत होत्या, सगळं चालतंय का बघायला. अजित म्हणाला, आपणही टेस्ट घेऊ. मेट्रोत बॅगा घेऊन चढायचं, मुशैरिबला उतरून दुसऱ्या लाइनची गाडी पकडायची. बाबांना जमलं तर ते येणार, नाही जमलं तर कुंड्या.

बाबांना यात आव्हान दिसलं असावं. ते लगेच बूट घालायला गेले.

शुक्रवारी मेट्रो दुपारनंतर सुरू होते. आम्ही बॅगांत वजनाला तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि एज्युकेशन सिटी स्टेशनबाहेर गाडी लावली. माझ्या हातात पोळीभाजीचा डबा, कारण सरावसुद्धा पूर्ण हवा ना! रेवा सारखी इथल्या अरबीत "यल्ला आजोबा, यल्ला", चला चला, करत होती. मुशैरिबला गाडी बदलताना तर बाबा आमच्या पुढे. सरकता जिना, वळण, लिफ्ट, पुन्हा फलाट... मीच धापा टाकत मागे. दुसऱ्या गाडीत बसल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं जिंकलो आपण.

मशीन माझ्या पर्समध्ये होतं. मी बाबांच्या अगदी शेजारी बसले होते. समोर एक फिलिपिनो मुलगी मान टाकून झोपलेली, तिच्या बाजूला एक तरुण नेपाळी जोडपं. एवढेच लोक आमच्याजवळ.

गाडी बोगद्यात होती. बाबांनी एकदम मान वर केली, समोर बघून "बरं" म्हणाले, आपली बॅग उचलली आणि चालू लागले. थेट पुढच्या डब्यात. आम्ही मागोमाग धावलो. काय झालं म्हणून अजितने ओरडून विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "त्या बाई म्हणाल्या ना. काका, डबा बदला."

"कुठल्या बाई?"

"समोरच्या. मराठी आहेत."

मी परत जाऊन बघितलं. मुलगी तशीच झोपलेली. त्या जोडप्याला हिंदीत विचारलं, अंकलशी कुणी बोललं का? ते म्हणाले, नाही दीदी, अंकल आपणहून उठले. मग अजितने खुलासा केला की मेट्रोत फॅमिलीचा डबा वेगळा असतो, गोल्डचा, म्हणजे महाग तिकिटाचा, वेगळा, कुणीतरी हातवारे केले असतील. पण आम्ही फॅमिलीच्याच डब्यात होतो, आणि आम्ही फॅमिलीच होतो.

रेवाला तर वेगळाच प्रश्न पडला. तिचा जन्म इथला, तिला डबा म्हणजे शाळेत नेतात तो एवढंच माहीत. ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "But Ajoba, why? What's wrong with the bhaji?"

आम्ही इतके हसलो, की त्या डब्यातली माणसं बघायला लागली. बाबाही हसले. आणि तिथेच म्हणाले, "येतो मी. जमतंय की."

मग काय, घरात ती म्हणच पडली. कारलं केलं की रेवा म्हणायची, काका, डबा बदला. अजितचा बॉस तापला की अजित म्हणायचा, डबा बदलायची वेळ आली. मी बॅगा भरत होते, बाबा रोज नकाशासमोर उभे राहून गावांची नावं पाठ करत होते, आणि मला त्या बाईचा पार विसर पडला होता.

व्हिएन्ना बघून झालं. साल्झबर्ग तर काय सांगू... किल्ल्यावर बाबा माझ्या आधी चढले! तिथून ल्युब्लियानाची गाडी. आम्ही फलाटावर उशिरा पोहोचलो आणि आपल्याकडे करतात तेच केलं. आधी मिळेल त्या डब्यात चढा, आतून सगळं जोडलेलंच असतं, आपली जागा मग शोधू. पुढच्या एका डब्यात मोकळ्या सीट होत्या, तिथे बसलो. अजितच्या शीटमध्ये गाडी होती, वेळ होती, फलाट होता. डब्याचा कॉलम नव्हता.

डोंगर सुरू झाले, बोगदे सुरू झाले. बाबांनी मशीन काढून माझ्याकडे दिलं. बऱ्याच वेळाने अजित म्हणाला, आपल्या रिझर्व्हेशनच्या जागा मागे आहेत, बघून येऊ. रेवा निघाली, मीही निघाले. जाताना बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "बाबा, इथंच बसा. अजिबात हलू नका." त्यांनी मान डोलावली.

मागच्या डब्यात आमच्या जागा खिडकीच्या निघाल्या. खाली हिरवीगार दरी, नदी, एक चर्च. रेवा फोटो काढायला लागली, मी तिचे काढायला लागले. पाच मिनिटांत परत जायचं होतं... ते राहूनच गेलं.

मधलं दार सरकलं आणि बाबा आत आले. दोन्ही हातांत दोन बॅगा, पाठीवर रेवाची सॅक, घामाघूम आणि रागावलेले.

"अहो, हलू नका म्हटलं होतं ना," मी ओरडले.

"तू म्हणालीस बस, ती म्हणते ऊठ. मी कुणाचं ऐकू?" ते बॅगा टाकत म्हणाले. "परत तीच. म्हणाली, काका, सांगितलं होतं ना, डबा बदला."

आम्ही कुणी हसलो नाही. गाडी हळू होत होती. फिलाख नावाचं जंक्शन आलं. काही वेळाने पुढे एक धक्का बसला, आणि खिडकीतून आम्ही बघतच राहिलो. आमच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग सुटून निघून गेला. आम्ही होतो तिथेच.

तिकीट तपासायला बाई आल्या तेव्हा कळलं. तिथे ही रोजचीच गोष्ट. त्या जंक्शनवर गाडीचे दोन भाग होतात, पुढचे डबे ऑस्ट्रियातच दुसऱ्या शहराला जातात, मागचे ल्युब्लियानाला. डब्यावर पाटी होती, अनाउन्समेंटही झाली होती म्हणे. मजा बघण्याच्या नादात आम्ही तिघं कानवाले बहिरे झालो होतो.

बाबांचा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये, कानाचं मशीन माझ्या पर्समध्ये. फोन खिशात होता, पण वाजलेला त्यांना कळत नाही. परक्या मुलखात एकटे... ज्याची त्यांना भीती होती, नेमकं तेच झालं असतं, आणि ते आमच्यामुळे. मी त्यांना धरून बसले. अजितची प्रिंटआउटची फाइल तेवढी पुढच्या डब्याबरोबर गेली.

ल्युब्लियानाला नदीकाठी बसलो होतो, तेव्हा मी त्यांच्या कानात मशीन घातलं आणि भीत भीत विचारलं, "बाबा, आई होती का?"

बाबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तुझी आई मला काका म्हणेल का?"

"मग कशी होती?"

"होती एक बाई. तुझ्याएवढी असेल. साधीच." मग जरा थांबून म्हणाले, "हळू बोलते गं ती. अगदी हळू, तरी स्वच्छ ऐकू येतं. माझ्याशी इतक्या वर्षांत कुणी हळू बोललेलंच नाही."

मी नदीकडे बघत बसले.

दोह्याला परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत मशीनशिवाय बाबांना जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. हा मशीनचा आकडा, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवणारी बाई. मग त्या बोगद्यात बाबांनी ऐकलं काय? आणि जे अजून घडायचं होतं, ते दोह्यातल्या एका बाईला महिनाभर आधी कसं माहीत? योगायोग म्हणावा तर तो दोनदा कसा?

नाशिकला परतायच्या आधी बाबा म्हणाले, एकदा मेट्रोत बसू या. सगळीकडे झेंडे लागले होते, स्टेशनं नटली होती. बाबा भलतेच खुशीत, पुढच्या वर्षी पोर्तुगालला गाडीने जाता येतं का विचारत होते. बोगदा आला तसं त्यांनी मशीन काढून माझ्या हातात दिलं. मी त्यांच्या कानाजवळ गेले आणि न ओरडता, जमेल तितक्या हळू म्हटलं, "बाबा, मी आहे इथे."

त्यांना ऐकू आलं नाही. ते समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत होते, आणि ओळखीचं कुणी दिसल्यावर करतात तशी त्यांनी मान हलवली.