शून्यानंतरचा चहा

कपाट आवरताना कॉम्प्युटरची जुनी टेप हाती लागली. तिला अजून कोळशाचा वास होता, आणि वणीजवळच्या खाणीतली वजनकाट्याची खोली समोर उभी राहिली.

त्या दिवशी ट्रकांच्या महिनाभराच्या पावत्या टेपवर उतरवून डिस्क पुसायची होती. मशीन नवं, स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची यादी, मात्र जुन्या मशीनवरची, माझीच. शेवटी स्क्रीनवर शून्य आलं. शून्य म्हणजे काम फत्ते! मी पुसायला बसले.

"थांब वं पोरी," आमचे म्हातारे ऑपरेटर मेश्रामकाका म्हणाले. "टेपवरची शेवटची पावती वाचून दाखव मले. मंग चहा."

टेपवर अर्ध्याच पावत्या होत्या. जुन्या मशीनच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कॉपी अडली की अख्खी स्क्रिप्ट थांबायची आणि शून्याऐवजी एक यायचा. नव्या मशीनच्या शेलमध्ये फक्त एकेक पावती उतरवणारी आतली फेरी थांबली, पुढचं बिनबोभाट चाललं आणि शून्य आलं.

"रडून काहून राह्यली? डिस्क हाय ना अजून," म्हणत काकांनी दुसरी टेप लावली.

तोवर मला काका उगाच संशयी वाटायचे. आता यवतमाळच्या ऑफिसात स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं, तरी मी शेवटची नोंद उघडून वाचते. तेवढ्यात चहा निवतो. मला तो तसाच आवडतो.