मम्मींची लेसची उशी
आमच्या मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या लेसच्या उशीला घरात कुणी शिवायचं नाही. "हात लावायचा नाही," एवढंच म्हणतात, पण असं की माझा पन्नाशीचा नवराही मागे सरकतो. वसईला लहानपणी नन्सकडून शिकलेलं लेस विणायचं काम. कडक उशी, तिच्यावर नक्षीचा कागद, टाचण्या आणि दोऱ्यांना लोंबणाऱ्या लाकडी फिरक्या. टकटक करत फिरक्या इकडच्या तिकडे जातात नि जाळीची फुलं तयार होतात. इतकी वर्षं बघतेय, पण अजून मन भरत नाही.

यंदा माझ्या मुलीच्या लग्नाच्या व्हेलची, म्हणजे डोक्यावरून घ्यायच्या जाळीच्या ओढणीची लेस चालली होती. लग्न पुढच्या महिन्यात, काम वीतभर बाकी, आणि काचबिंदूनं मम्मींची नजर चाललेली. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. येणार कुठून? हात लावू दिला तर ना.

तशात इथे आखातात, आमच्या घरापासून जवळच शारजाला जुन्या काळचं गाव उभारतात, त्या मेळ्यात लेस विणून दाखवायचं बोलावणं आलं. अट एकच, पोशाख जुना हवा. मम्मी लाल लुगडं नेसल्या. ट्रॅफिकमध्ये अर्धी सकाळ गेली, तरी उशी मांडीवरून उतरली नाही.

शेजारच्या चटईवर सोनेरी मुखपट्टी बांधलेली एक इमिराती आजी होती. तीही उशीवरच काम करत होती, चंदेरी तारेची पट्टी विणायचं. दोघी एकमेकींची बोटं बघत बसल्या. मग गर्दी जमली, "हँडमेड? रियली?" सुरू झालं, आणि मम्मींना चेव चढला. लेस नीट दिसावी म्हणून टाचण्या उपटत सुटल्या, त्या नादात चालू कामाच्याही उपटल्या. टाचण्या गेल्या की दोरे सैल. शेवटचं फूल पार विस्कटलं. टाचण्या परत खोचायला कागदावरची भोकं त्यांना दिसेनात. "खलास," त्या हळूच म्हणाल्या. मला रडू आलं.

ती आजी उठून समोर येऊन बसली. "माफी मुश्किल," म्हणजे अरबीत, काही बिघडलं नाही. मग मोडक्या हिंदीत, "तुम बोलो, हम करेगा."

मम्मींनी उशी तिच्याकडे सरकवली. "ये धागा ऊपर. अब पीळ मारो. अब पिन." ती ऐकत होती, करत होती, चुकलं तर न चिडता उसवत होती. अशी माणसं औषधालासुद्धा मिळत नाहीत. उन्हं कलली तेव्हा वीत पुरी झाली.

तारेची सवय असलेला हात, त्यामुळे दोरा जास्त ओढलेला. घरी व्हेलला लेस लावताना तेवढाच भाग घट्ट, वेगळा दिसायला लागला. "इट्स फाइन, ग्रॅनी," मुलगी म्हणाली. शहाणपणा मलाच सुचला. "मम्मी, एवढा तुकडा मागे, केसांखाली घेऊ का?"

मम्मींनी बोटांनी चाचपत तो भाग शोधला आणि त्यावर तळवा ठेवला.

"हात लावायचा नाही. तो कपाळावर येऊ दे."