सगुणाने हलवलेले दात

पेणमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझ्या डोक्यावर डॉक्टर मुआज मुकादम यांचा दातांचा दवाखाना. गाल धरून जिना चढणारी आणि तोंड वाकडं करून उतरणारी सगळी माणसं मला काउंटरवरून दिसतात. पूर्वी हा दवाखाना साधा होता. दात दुखला की डॉक्टर तो भरायचे, नाहीतर काढायचे. मग रोह्याला दुसरी शाखा निघाली आणि दोन्हीकडे ‘मल्टिस्पेशालिटी’ अशी पाटी लागली. मंगळवारी वाकडे दात सरळ करणारे येतात, बुधवारी मुळं साफ करणारे, गुरुवारी पोरांचे, शुक्रवारी हिरड्यांचे, शनिवारी कवळ्यांचे आणि रविवारी जबड्यात स्क्रू बसवणारे. सगळे मुंबईकडून वडखळचे खड्डे खात येतात, त्यामुळे पोचतात तेच चिडलेले. माणसाचं तोंड एकच असलं तरी ह्यांनी त्याच्या जमिनीसारख्या वाटण्या केल्या आहेत. तारवाल्याला हिरडी दिसत नाही आणि हिरडीवाल्याने दुसऱ्याच्या दाताकडे बोट दाखवायचं नाही.

ह्या सगळ्या वाटण्यांतून रोज ये-जा करणारी एकच बाई आहे, सगुणा. ती डेंटल हायजिनिस्ट. धरमतर खाडीकडच्या मिठागरवाल्या आगरी घरातली पोर, बारावीनंतर मुंबईत दोन वर्षं शिकून आली. तार लावण्याआधी दात साफ करायचे ते तिने, तार लावल्यावर पोरांना ब्रश शिकवायचा तो तिने, स्क्रूभोवतीची घाण तिनेच काढायची आणि म्हाताऱ्यांना कवळी धुवायला लावायचं तेही तिनेच. आठवड्यातून दोनदा मेमू गाडीने रोह्याला जाऊन हेच सगळं तिकडेही करायचं. एवढं करून पेशंट तिला नर्स म्हणतात. तिचा सख्खा काका तर विचारतो, “दुसऱ्याचे दात घासायला दोन वर्षं शिकलीस?”

बिचारी, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही सगुणाला भेटलेला नाहीत. “मी हात फिरवल्याशिवाय एकही स्पेशालिस्ट तोंडात हात घालत नाही,” हे ती मला दिवसातून एकदा तरी ऐकवते. खरंच आहे ते, पण खरं असलं म्हणून किती वेळा ऐकायचं? ती माणसाचा चेहरा नंतर बघते, आधी तोंड बघते. मयताला गेली तरी रडणाऱ्यांच्या हिरड्यांकडे लक्ष. माझ्या दुकानात गिऱ्हाईक हसलं की ही जिन्यातून ओरडते, “दादा, कीटण साचलंय, वर या!” अशाने माझी दोन गिऱ्हाइकं कायमची गेली.

तिचं खरं वैर मशेरीशी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना चोळायची. खाडीकडच्या जुन्या बायकांचा चहाआधीचा चहा म्हणजे ही मशेरी. तिच्या जोडीला एक पक्की समजूत, की दात साफ केले की हलायला लागतात. सगुणा गावोगाव शिबिरं घेऊन घसा फोडून सांगायची, “दात मशेरीनं आणि कीटणानं आधीच हाललेले असतात. कीटणाचे दगड त्यांना धरून ठेवतात. दगड काढला की खरं काय ते दिसतं!” बायका माना डोलवायच्या, शिबिरातला फुकटचा ब्रश घ्यायच्या आणि घरी जाऊन त्याने चांदीचे पैंजण घासायच्या. तरी सगुणाने पिच्छा सोडला नाही. हळूहळू एकदोघी जिना चढू लागल्या, त्यांच्यामागून आणखी चारजणी.

ह्या सगळ्यांत जिने तोंडाला हात लावू दिला नव्हता ती म्हणजे तिचीच आत्या, शांती. आईमागे तिनेच सगुणाला वाढवलेलं. शांतीबाई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं म्हणणारी. भटजींचा मंत्र चुकला तर कुणाला कळत नाही, पण धवलारणीची ओळ चुकली तर अख्खा मांडव मान वर करतो. डीजेच्या जमान्यातही तिच्याशिवाय हळद लागत नाही. दात मात्र मशेरीने तव्याच्या बुडासारखे काळे.

यंदा गडब गावात एक लग्न ठरलं. मांडवात मोठा पडदा, वर ड्रोन. नवरीची आई जनू हिला घोर लागला, की पडद्यावर धवलारणीचे दात दिसणार. तिने शांतीबाईंना तसं स्पष्टच सांगितलं. आत्या संतापली, पण तोंड उघडून गाणं हा तिचा धंदा, त्यामुळे दवाखान्यात यायला तयार झाली. सगुणाला आभाळ ठेंगणं झालं.

आणि इथेच सगुणाबाई घसरल्या. मशेरीवाल्या माणसाला खुर्चीत घेतलं की आधी हिरड्या किती खोल गेल्यात ते मोजायचं, फोटो काढायचा, दात हलत असतील तर पेशंटला आधी सांगायचं, हिरडीवाल्याला दाखवायचं आणि मग थोडं थोडं साफ करायचं. हे नियम सगुणा इतरांना धाक घालून शिकवते. आत्याच्या वेळी हिला कसला धीर? न जाणो, म्हातारी खुर्चीतून उठून गेली तर! एका बैठकीत सगळं कीटण काढून टाकलं, मोबाईलवर आधीचा आणि नंतरचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आत्याचे खालचे पुढचे दात पेटीच्या पट्ट्यांसारखे खालीवर व्हायला लागले. गाणं म्हणायला गेली तर फटींतून हवा निसटून शिट्टी वाजायची.

मग तिला एकेका स्पेशालिस्टासमोर बसवलं. हिरडीवाले म्हणाले, ऑपरेशन. स्क्रूवाले म्हणाले, सगळे काढून स्क्रू. कवळीवाले म्हणाले, स्क्रू कशाला, कवळी. तारवाल्यांनी तर सरळ वय विचारलं आणि घड्याळ बघितलं. “एका तोंडाला किती घरमालक गो?” आत्याने विचारलं. शेवटी लग्नापुरते दात आतल्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधून दिले. हलायचे थांबले, शिट्टी राहिली.

खाडीकडे बातमी पसरायला वेळ लागत नाही. ‘सगुणाने आत्याचे दात हलवले.’ वेळ ठरलेल्या बायका दवाखान्यात येईनाशा झाल्या. सगुणा माझ्या दुकानात येऊन पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. “मी आधी मोजायला हवं होतं, आतेला सांगायला हवं होतं. पण चुकले म्हटलं तर बायका तेवढंच ऐकतील आणि परत खुर्चीत बसणार नाहीत. आणि मशेरीमुळे झालं म्हटलं, तर भर लग्नसराईत आतेची लाज जाते.” आत्याला तिने एकांतात दोन्ही गोष्टी सांगून बघितल्या होत्या. आत्या म्हणाली होती, “तुजी चूक झाकायला माज्या मशेरीला नाव ठेवतेस?”

त्या घरातल्या निम्म्या लोकांना माझेच चष्मे, म्हणून हळदीला मलाही बोलावणं होतं. भर सकाळी मांडवात आत्याने सूर लावला आणि शिट्टी माइकवरून थेट हायवेपर्यंत गेली. डीजेवाली पोरं फिदीफिदी हसली. पडद्यावर आत्याचे दात, पांढरेशुभ्र आणि फटीफटीचे. जनू मोठ्याने म्हणाली, “काय केलंन गो सगुणानं तुज्या दातांचं?”

सगुणा उठली. चेहरा पडलेला, पण कबूल करायच्याच तयारीने उभी होती. मला तिची मनापासून कीव आली.

आत्याने तिला हाताने खाली बसवलं आणि माइक तोंडाजवळ घेतला. “सगुणानं काय नाय केलं. माजे दात मशेरीनं खाल्ले. आतलं हाड खाल्लं तिनं. दगड साचले होते, त्यांनी धरून ठेवले होते. पोरीनं दगड काढले, म्हणून दिसलं. तुमचे पण हालतान. तुमाला ठाव नाय एवढंच.”

शिबिरातलं सगुणाचं भाषण, शब्दाला शब्द. समोरच्या बायकांचे ओठ मिटलेले, पण गाल आतून फुगत होते. जो तो जिभेने आपापले दात ढकलून बघत होता. मग आत्याने हळदीचं गाणं शिट्टीसकट शेवटपर्यंत म्हटलं आणि कुणी हसलं नाही.

जेवणाच्या पंगतीतच बायका सगुणाभोवती जमल्या. खुद्द जनूने विचारलं, “सोमवारी येऊ काय गो?” सगुणा हवेत. मी मोजते, मग फोटो, मग थोडं थोडं, असे नियम तिने पुन्हा धाक घालून सांगायला सुरुवात केली.

परतताना दोघी माझ्या गाडीत मागे बसल्या होत्या. सगुणा आत्याचा हात हातात घेऊन रडत होती, हसतही होती. “आते, इतकी वर्षं सांगत होते, शेवटी पटलं ना तुला?”

आत्याने हात सोडवून घेतला, कमरेची डबी काढली आणि तार सांभाळत मशेरीचं बोट हिरडीवरून फिरवलं.

“पटायचं काय त्याच्यात? तुजी अब्रू जात होती, म्हणून खोटं बोलले,” ती म्हणाली. “हळदीच्या मांडवात खोटं बोलले गो मी, आयुष्यात पहिल्यांदा. दात तूच हालवलेस, ते काय मला ठाव नाय?”

सगुणाने तोंड उघडलं, आत्याकडे बघितलं आणि मिटून घेतलं.