एक पुडी, सारं घर

या पोरींनो, अशा जवळ या, दारात उभ्या राहून नका ऐकू. आणि आधी मला सांगा, तुमच्या मोरीत या एवढ्या बाटल्या काहून मांडून ठेवल्या? भांड्यांची वेगळी, फरशीची वेगळी, काचेची वेगळी. घर आहे की औषधाचं दुकान? रागावत नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. आमच्या गल्लीत एक माणूस होता, त्याचं अख्खं घर एका पुडीवर चालायचं. तो शहाणा होता असं मात्र समजू नका. त्याच्याइतका बिनकामाचा शहाणा मी पवनीत दुसरा पाहिला नाही.

तीन बोटांच्या चिमटीत धुण्याचा सोडा घ्यायचा, हात खांद्याच्याही वर न्यायचा आणि तिथून पाण्यात भुरभुरवायचा, अशी त्याची रीत. पूजेत अक्षता टाकतात ना, तसं. मग मान तिरपी करून समोरच्या बाईकडे पाहायचा आणि म्हणायचा, "एक पुडी, सारं घर." बस. पुढचं घासणं, खरवडणं, पिळणं, वाळवणं त्याच्या गावीच नव्हतं. ते आपोआप होतं असं त्याला वाटत असावं.

राईस मिलमध्ये मुनीम होता, म्हणून सारे त्याला मुनीमजी म्हणायचे. मीही म्हणायची, पण मनात मी त्याला कधी 'अहो' केलं नाही. त्याच मिलच्या अंगणात मी उसना, म्हणजे उकडलेला धान उन्हात पायांनी पलटवायला जायची, आणि आमचं घर त्याच्या घराला लागून, मधे एक छातीएवढी कुडाची भिंत. दिवसा मिलमध्ये तोच, संध्याकाळी कुडापलीकडे तोच. इतकं पाहिल्यावर माणूस कळतो, आपली इच्छा असो नसो.

लालटेनच्या काचेला सोडा, स्टोव्हच्या बर्नरला सोडा, तेलाच्या शिशीला सोडा, कंगव्याला सोडा, सायकलच्या चेनला सोडा. धुणं तर सोड्यातच उकळायचं. कोणाच्या घरी पाणी प्यायला दिलं तरी हा पेला आधी उजेडात धरायचा.

"वहिनी, याले सोडा दाखवला नाही वाटते."

"दाखवला जी," मी म्हणायची. "त्यानं नाक मुरडलं."

तो हसत नसे. उकळत्या सोड्यात हसणंही निघून गेलं असावं.

आता गंमत पाहा. आमच्या मिलमध्ये धान उकडायची भट्टी तुसावर पेटायची. मागच्या अंगाला त्या तुसाच्या राखेचा ढीग, माणसाहून उंच. कोणीही न्यावी. गल्लीतल्या साऱ्या बाया टोपलीटोपलीनं न्यायच्या. चिंचेचं बुटुक आणि ती पांढरी राख, एवढ्यात पितळ असं उजळायचं की तोंड पाहून कुंकू लावावं. भंडाऱ्याकडच्या बायांना पितळ कोणी शिकवायचं? पण हा म्हणायचा, "राख मसनात शोभते वहिनी, घरात नाही." ढिगाशेजारी बसून नोकरी करायची आणि कागदाच्या पुडीतला सोडा बाजारातून आणायचा. असा दिमाख.

लग्नाच्या पंगतीसाठी गल्लीनं मिळून घेतलेला एक गंज होता, हे एवढं पातेलं, जर्मनचं, म्हणजे तुम्ही अल्युमिनियम म्हणता ते. दोन माणसांनी उचलायचा. आतून डाळ लागून करपली होती, ते निघेना, म्हणून हा पुढे झाला. गंज चुलीवर चढवला, पाणी तापवलं आणि चिमूट नाही, पुडीच्या पुडी ओतली. फेस उसळला. हा बायांकडे वळून म्हणतो कसा, "पाहा, मळ कसा निघून राहिला."

"मळ नाही जी," मी म्हटलं, "गंजच निघून राहिला."

दुपारी पाणी ओतून पाहिलं तर गंज आतून काळाकुट्ट, देवी आल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा. त्यानं आत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि निकाल दिला, "गंजच नकली होता." त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पोळी करपली, पोरगं नापास झालं, जावई रुसला, काहीही झालं तरी बाया एकमेकींना म्हणायच्या, गंजच नकली होता.

इथवर हसून घ्या. पुढं हसण्यासारखं नाही.

त्याची बायको गिरजाबाई. करडी गावची लेक. तिला मूलबाळ नव्हतं, पण गल्लीतलं एकही बाळ तिच्या पायांवर आंघोळ केल्याशिवाय मोठं झालं नाही. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळ पालथं घ्यायची, आणि कोमट तेलाचा हात असा फिरवायची की रडणारं पोर कशासाठी रडत होतं तेच विसरायचं. माझी दोन्ही तिच्याच हातची. कोणाकडून लुगडं-चोळी तर नाहीच, सुपारीसुद्धा घ्यायची नाही. "मले कायले देता? माह्याच हाताले बरं वाटते," म्हणायची. तेवढंच तिचं सुख होतं आणि ते तिच्या तळहातांत होतं.

आणि ते हात सकाळ-संध्याकाळ सोड्याच्या पाण्यात. आधी लाल झाले, मग कोरडे, मग पेरापेरांवर चिरा. भाजीत मीठ टाकताना डोळे मिटून घ्यायची. तळवा सागाच्या पानासारखा, पदराला लागला की सुताला धरायचा. नवऱ्याला दिसेना. त्याला भांडं दिसे, भांडं धरलेला हात दिसत नसे. मी एकदा तोंडावर म्हटलं, "मुनीमजी, बाईचे हात पाहा जरा."

"सवय नाही तिले," तो म्हणाला. "होईन."

लग्नाला वीस वर्षं होत आली होती. अजून किती सवय व्हायची होती कोण जाणे.

मग एक सकाळ. गल्लीतल्या एका नव्या सुनेचं बाळ होतं, महिन्याचंही नव्हतं. मी शेगडीवर पाणी तापवून द्यायला गेली होती. गिरजाबाईनं बाळ पायांवर घेतलं, पाठीवर तेलाचा हात फिरवला, आणि ते लेकरू असं किंचाळलं की आम्ही दोघी दचकलो. कोवळ्या पाठीवर तांबडे ओरखडे उठले होते. सून वाईट नव्हती. तिनं हळूच बाळ उचललं, छातीशी घेतलं.

"काकू, राहू द्या. उद्यापासून माही माय घालीन."

गिरजाबाई तशीच बसून राहिली, पाय लांब करून. रिकाम्या नडग्यांवरून तेल ओघळत होतं. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, चोरलेली वस्तू लपवावी तसे.

त्याच दुपारी मी मिलमधून ओटीत राख बांधून आणली, वनस्पती तुपाच्या एका जुन्या डब्यात भरली आणि कुडावरून तिला दिली. बरोबर टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, थिजलं की लोण्यासारखं होतं ते.

"राख भांड्याले, तेल हाताले. सोड्यात बोट घालाचं नाही."

"अन् पुडी? शनिवारी पाहते जी तो, संपली का नाही."

"पुडी इकडे द्या. माह्या घरी का कमी मळ आहे?"

अशी आमची अदलाबदल सुरू झाली. राख तिकडे, सोडा इकडे. खोटं कशाला बोलू, मिलच्या धुळीनं माखलेले कपडे सोड्यात छान निघायचे. चुलीमागची तेलकट फळी, खाटेच्या नवारी, तुंबलेली मोरी, सगळ्याला मी तो वापरला. गरम पाणी, चिमूटभर सोडा, काडीनं ढवळायचा आणि हात बाहेर ठेवायचा. जर्मनला नाही, कोशाच्या रेशमी लुगड्याला नाही, आणि उघड्या कातडीला तर नाहीच. सोडा गरीब, गुणी. त्याला मुनीमजी भेटला हे त्याचं नशीब.

इकडे गिरजाबाईचं पितळ झळकायला लागलं. हा ओसरीवर पाहुण्यासमोर लोटा धरायचा, फिरवून फिरवून दाखवायचा. "पाहा. काय आहे हे? सोडा." आत गिरजाबाई पदर तोंडाला लावायची आणि कुडापलीकडे मी. राखेचा डबा चुलीमागे, लाकडांच्या आड. उन्हाळा येईपर्यंत तिच्या चिरा बुजल्या. होळीनंतर ती सून स्वतःच बाळ घेऊन दारात आली. "काकू, मायच्या हातानं हे झोपतच नाही जी." गिरजाबाईनं आधी आपला तळवा आपल्याच गालावर फिरवून पाहिला, आणि मग बाळ घेतलं.

त्या पावसाळ्यात मी बहिणीच्या बाळंतपणाला वरठीला गेली. दोन महिने राहावं लागलं. तिथं रोज जीव खालीवर. डबा रिकामा झाला असेल, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत मिलमधून राख नेण्याची बाईची छाती नाही, पुन्हा सोड्यात हात घातले असतील. परत आली तशी चप्पल न काढता तिच्याकडे गेली आणि हात धरून उलटे-सुलटे पाहिले. मऊ होते. डबा काढून झाकण उघडलं तर काठोकाठ भरलेला. आणि राख माझी नव्हती. माझी भरडी असे, मधेमधे अर्धं जळलेलं तूस. ही मैद्यासारखी.

"कोन आणून देते?"

गिरजाबाई तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "मले काय ठाऊक. डबा भरलेला असते."

दुसऱ्या दिवशी मिलची दुपारची सुट्टी झाली. बाया भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसल्या होत्या. मी हात धुवायला मागच्या अंगाला गेली तर राखेच्या ढिगाआड कोणी उकिडवं बसलेलं. मुनीमजी. धोतर वर खोचलेलं, आणि त्याचा तो बगळ्यासारखा पांढरा दुपट्टा एका टोपल्यावर ताणलेला. त्यावर मूठ मूठ राख टाकत होता आणि तळहातानं चाळत होता. चष्म्यावर राख, मिशीवर राख.

"काय करून राहिले मुनीमजी?"

तो असा दचकला की अर्धी मूठ छातीवर सांडली. "काही नाही. नमुना पाहून राहिलो."

"कायचा?"

"राखेचा. निकामी चीज आहे," म्हणाला, आणि राहिलेली राख मात्र पुरती चाळली. गाठोडं बांधून छत्रीच्या आत घातलं. चार पावलं गेला आणि वळला. मला वाटलं, आता काही माणसासारखं बोलेल.

"वहिनी, गल्लीत बोलू नका."

गल्लीत! बायकोचं नाव नाही, तिच्या हातांचं नाव नाही. चिंता कसली, तर गल्लीत सोड्याची अब्रू राहील की नाही याची. त्याच संध्याकाळी ओसरीवर कोणी तरी पाहुणा होता आणि कुडापलीकडून मला ऐकू आलं, "एक पुडी, सारं घर."

मला आजही त्याची चीड येते. वीस वर्षं हात पाहिले नाहीत, आणि पाहिले तेव्हा चोरासारखे. एकदा तिच्यासमोर बसून 'चुकलो' म्हणायचं होतं. तेवढं बोलायची हिंमत नाही म्हणून हा बापडा वर्षानुवर्षं राख चाळत राहिला, आणि दर शनिवारी सोड्याची पुडीही आणत राहिला. अशा भित्र्या माणसाला काय म्हणावं? एवढं मात्र खरं की राख वस्त्रगाळ करावी हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्याला जाऊन तीन पावसाळे झाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. महिनाभरानं गिरजाबाई कुडाशी आली. हातात डबा, रिकामा.

"बाई, आता तुमालेच भरा लागीन."

मी डबा घेतला. "म्हंजे तुमाले ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवसापासून. तुमच्या राखेत तूस असे. अन् त्याचा दुपट्टा मीच तं धुवायची."

"मंग त्याले बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती," ती म्हणाली, "तं त्यानं चाळणं बंद केलं असतं."

डबा मीच भरते आता. त्याची शेवटची पुडी तिच्या कोनाड्यात आहे, दमट हवेनं दगड झालेली. ती तिला वापरवत नाही आणि फेकवतही नाही.

गिरजाबाई थकली आहे, गुडघे धरतात, पण पाटावर बसवून दिलं की हात अजून तसाच फिरतो. तुमच्यापैकी जिच्या घरी तान्हं असेल तिनं ऐकावं. तेल माझ्याकडे आहे, पाणी मी तापवते, तुमच्या त्या बाटल्या घरीच राहू द्या. बाळ तेवढं घेऊन या, आणि थंडी पडायच्या आत या.